नाण्याबरोबरची नोंद

नाणी जमवण्याचा छंद सहसा ठरवून लागत नाही. लक्ष्मीपूजनाला मांडला जाणारा राणीछाप रुपया, जुन्या पेटीच्या तळाशी सापडलेला भोकाचा पैसा किंवा शेत नांगरताना वर आलेली शिवराई, अशा एखाद्या निमित्ताने तो सुरू होतो आणि पुढची काही वर्षे मिळेल ते नाणे मिळेल तिथून घेण्यात जातात. या पहिल्या वर्षांत डबे झपाट्याने भरतात आणि नेमक्या याच काळात अशा चुका होतात, की ज्या पुढे कितीही पैसा ओतला तरी निस्तरता येत नाहीत. जास्त दराने घेतलेल्या नाण्याची भरपाई कधीतरी होते, हुकलेले नाणे दुसऱ्या लिलावात मिळू शकते. पण नाणे हाती आले त्या दिवशी त्याच्याविषयीची जी माहिती लिहून ठेवली गेली नाही, किंवा घासूनपुसून जी नाण्यावरूनच नाहीशी केली गेली, ती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. अनुभवी संग्राहकाला हा छंद पुन्हा पहिल्यापासून सुरू करता आला, तर त्याच्या वागण्यात सर्वांत मोठा फरक इथे पडेल.

नाण्यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्राला नाणेशास्त्र म्हणतात आणि या शास्त्रात नाणे पुरावा ठरते ते चार गोष्टींच्या आधारे: त्याचा धातू, त्याचे वजन, त्यावरची छाप आणि ते कुठे, कशात, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने सापडले याची माहिती. पहिल्या तिन्ही गोष्टी नाण्यातच असतात, त्यामुळे नाणे जपले की त्या जपल्या जातात. चौथी गोष्ट, म्हणजे प्राप्तिस्थान, नाण्यावर कुठेही कोरलेली नसते. ती सापडवणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या आठवणीत असते आणि ती आठवण कागदावर उतरली नाही तर त्या माणसाबरोबर संपते. नवशिक्या संग्राहकाचे सगळे लक्ष छापेवर आणि धातूवर खिळलेले असल्याने ही चौथी गोष्ट त्याच्या गावीही नसते, आणि इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर तीच पुष्कळदा सर्वांत मोलाची असते.

याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभी या गावाचे आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी सापडला. निधी म्हणजे कोणीतरी एकत्र पुरून किंवा दडवून ठेवलेला साठा. त्यातील १३,२५० हून अधिक नाणी अभ्यासासाठी उपलब्ध झाली आणि ती सगळी क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर मात्र सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: नहपानाच्या मुखवट्यावर तीन कमानींचा डोंगर आणि मागच्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. पराभूत राजाची नाणी वितळवण्याऐवजी त्यांच्यावरच स्वतःची मुद्रा उमटवून ती पुन्हा चलनात आणण्याच्या या क्रियेला पुनर्मुद्रण म्हणतात. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे नाशिकच्या लेण्यांमधील त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, शिलालेखात सांगितलेले आहेच. जोगळटेंभीच्या निधीने त्या विधानाला हजारो चांदीच्या साक्षी मिळवून दिल्या. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास केला तेव्हा त्यांना असेही दिसले, की एकाच नहपानाचे नाव असलेल्या नाण्यांवरील चेहरे वयाने आणि ठेवणीने एकमेकांपासून फार वेगळे आहेत. ही शंका एका नाण्याकडे पाहून येणे शक्यच नव्हते. हजारो नाणी एकत्र राहिली, त्यांचे गाव आणि साल माहीत राहिले, म्हणूनच ती आली.

तोच निधी दहा-वीस नाण्यांच्या वाट्याने सराफांकडे, भंगारवाल्यांकडे आणि हौशी संग्राहकांकडे गेला असता, तर आज शेकडो घरांत नहपानाचे एकेक सुंदर नाणे असते आणि सातवाहनांच्या इतिहासातील एक भक्कम आधार नसता. लहान प्रमाणावर असे घडतच असते. गावाकडे एखाद्या पडक्या भिंतीत तांब्याच्या नाण्यांची लोटी निघते, ती आठवडी बाजारात येते, विकणारा नाणी दर्जानुसार निवडून वेगवेगळ्या ढिगांत टाकतो आणि घेणारा सर्वांत स्पष्ट छापेची चारच उचलतो. उरलेली झिजकी नाणी मोडीत जातात. निधीत सर्वांत झिजलेले नाणे कोणते आणि सर्वांत कोरे कोणते, यावरूनच तो केव्हा पुरला गेला याचा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट त्या व्यवहारातील कोणाच्याही ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक संग्राहकांच्या हाती लवकर येणारे ऐतिहासिक नाणे म्हणजे शिवराई, आणि नोंदीचे महत्त्व तिच्याइतके स्पष्ट दुसरे कुठलेच नाणे दाखवत नाही. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हापासून महाराजांच्या नावाचे सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या जाऊ लागल्या. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात व भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. हे नाणे हाताने पाडलेले असते. म्हणजे तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घातला, की दोन्ही बाजूंची अक्षरे एकदम उमटतात. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरे कडेला तुटतात. कुठे ‘श्री’चा वरचा भाग नसतो, कुठे ठिपक्यांची अर्धीच कड दिसते. शिवाय ठसे खोदणारे कारागीर अनेक असल्याने ‘शिव’ आणि ‘पति’ यांतील ऱ्हस्वदीर्घ बदलते, श आणि स यांची अदलाबदल होते, कुठे अक्षरांच्या सोबत एखादे चिन्ह येते. पुढे पेशवाईतही याच नावाने ही नाणी पाडली जात राहिली, ओळींच्या मध्ये दोन आडवे दांडे असलेली दुदांडी शिवराई त्या परंपरेतील आहे, आणि ब्रिटिश अमलातही पश्चिम महाराष्ट्राच्या बाजारांत शिवराईने दीर्घकाळ देवघेव होत होती.

इतक्या मोठ्या काळातल्या इतक्या प्रकारच्या नाण्यांवर साल नाही आणि टांकसाळीचे नावही नाही. पेशवाईत टांकसाळी खाजगी व्यक्तींना परवान्याने चालवायला दिल्या जात असल्यामुळे एकाच प्रदेशात अनेक ठिकाणी नाणी पडत होती. अशा परिस्थितीत विशिष्ट वळणाच्या अक्षरांची शिवराई साताऱ्याच्या बाजूला वारंवार मिळते की अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या), हे कळले तरच तिची टांकसाळ शोधण्याच्या दिशेने पाऊल पडू शकते. शेकडो शिवराया जमवलेल्या संग्राहकाने प्रत्येकीबरोबर गावाचे नाव आणि तारीख एवढेच लिहून ठेवले असते, तर त्याचा डबा संशोधनाचे साधन झाला असता. ते न लिहिल्यामुळे तोच डबा तांब्याचा साठा होऊन राहतो. हे नुकसान फार मोठे आहे आणि ते टाळायला चार आण्याचाही खर्च येत नव्हता, म्हणून त्याचे शल्य अधिक.

दुसरी चूक स्वयंपाकघरातून येते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने घासून लख्ख करण्याची सवय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे काळीहिरवी झालेली शिवराई हाती येताच तिलाही तोच न्याय लावला जातो. चिंचेतील आम्लाने तांब्यावरचा ऑक्साइडचा आणि कार्बोनेटचा थर विरघळतो आणि खालचे गुलाबीसर, उघडे तांबे वर येते. हा थर म्हणजे वरून बसलेला मळ नसतो. नाण्याच्या पृष्ठभागाच्याच धातूचे शतकानुशतके हवेशी आणि मातीशी होत गेलेले रूपांतर तो असतो आणि झिजलेल्या अक्षरांच्या बारीक कडा पुष्कळदा या थरातच शिल्लक असतात. थर निघाला की त्या कडाही जातात. तिरप्या उजेडात धरल्यावर जो ‘शि’ अस्पष्टपणे वाचता येत होता तो चकचकीत तांब्यावर दिसेनासा होतो, आणि भिंगातून पाहिले तर राखेचे किंवा पावडरीचे सगळे ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. नाण्याचा जाणकार हे ओरखडे पाहताक्षणी ओळखतो आणि त्याच्या लेखी त्या नाण्याची किंमत तिथेच घसरते. चांदीचेही असेच आहे. जुन्या रुपयावर चढलेला राखाडी, निळसर किंवा सोनेरी झाकेचा थर हा चांदीच्या सल्फाइडचा असतो, तो धातूचे रक्षण करतो, आणि सराफाकडून उजळून आणलेला रुपया घरच्यांना सुंदर वाटला तरी संग्राहकाच्या दृष्टीने तो जखमी झालेला असतो.

हिरवेपणा सगळा सारखा नसतो, हे मात्र सुरुवातीलाच शिकण्यासारखे आहे. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर स्थिर असतो आणि त्याला हात लावू नये. पण फिकट हिरव्या रंगाची, नखाने खरवडली तर भुकटीसारखी निघणारी पुटे दिसू लागली, तर ती क्लोराइडमुळे धातूच्या आत चाललेल्या झिजेची खूण असते. नाण्यात शिरलेले क्लोराइड, हवेतील ओलावा आणि प्राणवायू यांच्या साखळीने ही झीज स्वतःहून चालू राहते आणि कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यातही नाणे खड्ड्याखड्ड्यांचे होऊ शकते. असे नाणे इतरांपासून लगेच वेगळे करावे, शुद्ध केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात ते पाणी वारंवार बदलत बरेच दिवस बुडवून ठेवावे, पूर्ण वाळवावे आणि मग सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या डबीत ठेवावे. मौल्यवान नाणे असेल तर संग्रहालयातील जतनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. यापलीकडे घरच्या घरी कोणताही प्रयोग करू नये.

साठवणीच्या चुका याहून सावकाश उघड होतात. बाजारात सहज मिळणारे मऊ प्लास्टिकचे, खिसे असलेले अल्बम पुष्कळदा पीव्हीसीचे असतात. या प्लास्टिकला मऊपणा देणारी द्रव्ये काही वर्षांत बाहेर पडू लागतात, त्यातून आम्ल सुटते आणि नाण्यावर चिकट हिरवट लेप चढतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक, किंचित कडक पाकिटांत हा धोका नसतो. लाकडी कपाट, रबर आणि रद्दी कागद यांच्यातून निघणाऱ्या वायूंनी चांदी काळवंडते, आणि बोटाच्या घामाचा ठसा कोऱ्या नाण्यावर काही महिन्यांत तपकिरी होऊन कायमचा राहतो, म्हणून नाणे कडेनेच धरण्याची सवय लावून घ्यावी लागते. घरातले पूजेचे रुपये हा यातला नाजूक विषय आहे. हळदकुंकू लागलेले, दरवर्षी दह्या-चिंचेने धुतलेले राणीछाप रुपये ही कुटुंबाची श्रद्धेची वस्तू आहे आणि ती तशीच राहावी. संग्रहासाठी वेगळा रुपया घ्यावा. गळ्यातल्या माळेसाठी झाळून कडी बसवलेल्या नाण्याचेही तेच. कडी काढून कड घासली तरी माथ्यावरची चपटी जागा आणि तिथला वेगळा चमकणारा धातू भिंगातून लपत नाही.

खोट्या नाण्यांबाबत नवशिक्याची फसगत होते ती बहुतेक वेळा नाण्यामुळे नाही, तर त्याच्यासोबत येणाऱ्या कथेमुळे. शिवाजी महाराजांचा होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला विपुल आहेत, तरी घरच्या गाठोड्यातून निघालेला होन अशी कथा ऐकली की मराठी मन विरघळते. यापेक्षा भयंकर प्रकार रामदरबार किंवा हनुमान यांच्या प्रतिमा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव एकत्र असलेल्या तांब्या-पितळेच्या चकत्यांचा आहे. त्यांवर १६१६, १७१७, १८१८ अशी साले असतात आणि त्या तांदूळ खेचून घेतात, त्यांत दैवी शक्ती आहे, असे सांगून लाखो रुपये उकळले जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. १६१६ साली तर इंग्रजांचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलतींसाठी खेटे घालत होता. ज्याने शाळेतला इतिहास वाचला आहे त्याला एवढ्या एका सालावरून ती चकती बाजूला ठेवता येते. अलीकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखोंना विकले जाते अशा जाहिराती फिरतात आणि त्यांच्या आडून शुल्क, कर, कमिशन अशा नावांनी पैसे काढले जातात. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये याविषयी जाहीर सूचना काढावी लागली आणि अशा व्यवहारांशी आपला कोणताही संबंध नसल्याचे सांगावे लागले.

नाणे खरे की खोटे हे ठरवण्याची साधने महाग नाहीत. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लोहचुंबक एवढ्यावर पुष्कळ काम होते. १८३५ ते १९३९ या काळातील चांदीच्या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के होती. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रुपया बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा काठाला न लावता, पाण्यात पूर्ण बुडेल असा धरावा. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो. खऱ्या रुपयासाठी तो साधारण १.१३ ग्रॅम येतो, तर त्याच वजनाची जर्मन सिल्व्हरची नक्कल असेल तर तो १.३ ग्रॅमच्या पुढे जातो, कारण तो मिश्रधातू चांदीपेक्षा हलका असल्याने तेवढ्याच वजनाला जास्त जागा व्यापतो. चुंबकाला चांदी चिकटत नाही. मात्र १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया चिकटतो आणि तरीही तो अस्सल असतो, कारण १९४७ चे रुपये शुद्ध निकेलचे होते आणि निकेल चुंबकाकडे ओढले जाते. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेला साच्याच्या जोडाची रेघ दिसते, ठोकून पाडलेल्या नाण्यावर ती नसते. १९३९ च्या मुंबई टांकसाळीच्या रुपयासारख्या दुर्मीळ नाण्याच्या नकलेत मात्र धातू अस्सलच असतो आणि दुसऱ्या सालाचा शेवटचा अंक बदललेला असतो, त्यामुळे तिथे काट्याचा उपयोग नाही. तिथे त्या सालच्या खऱ्या नाण्यातील अंकाचे वळण ठाऊक असावे लागते.

हे वळण पुस्तकांतून आणि संग्रहालयांतून कळते, आणि संग्राहकाला पुन्हा आरंभ करायचा असेल तर पहिल्या वर्षाचा खर्च त्याने तिकडे वळवावा. मराठ्यांच्या नाण्यांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ आजही पायाभूत आहे, परमेश्वरीलाल गुप्त यांचे भारतीय नाण्यांवरील लेखन सामान्य वाचकालाही समजेल असे आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे आणि मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय सर्वांना पाहता येते. वाचन झाले की आवडीला आपोआप सीमा पडते. जगभरच्या नाण्यांचा पसारा घालण्यापेक्षा एखादाच विषय धरलेला बरा: फक्त शिवराया, फक्त मराठेशाहीतील अंकुशी आणि चांदवडी रुपये, फक्त १८६२ सालाचे रुपये. हा शेवटचा विषय वरवर नीरस वाटतो, परंतु १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तसेच ठेवले गेले आणि त्या काळातील अनेक ठशांवर बारीक ठिपके कमीअधिक संख्येने येत राहिले, त्यामुळे एका सालाच्या एका नाण्यात अभ्यासाला अनेक वर्षे पुरेल एवढी विविधता आहे आणि ही नाणी अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत.

कायद्याची माहितीही संग्राहक सहसा अडचण आल्यावर करून घेतो. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ऐवज सापडला, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात, त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. शंभर वर्षांची ही रेषा दर वर्षी पुढे सरकत असल्याने पंचम जॉर्जच्या छापेचे १९११ ते १९२२ या काळातील रुपये आता तिच्या आत आले आहेत. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मुलाने आजीच्या आठवणीदाखल ते बॅगेत टाकून नेणेही कायद्याच्या विरुद्ध ठरते, आणि बहुतेक कुटुंबांना याची कल्पना नसते.

सर्वांत उशिरा सुचणारी गोष्ट म्हणजे संग्रहाची यादी. नाण्यांचा जाणकार घरात सहसा एकटाच असतो आणि तो गेला की बाकीच्यांना डब्यांत तांबे आणि चांदी एवढेच दिसते, मग सराफ वजनावर भाव सांगतो आणि चाळीस वर्षांची निवड एका दुपारी वितळवायला जाते. प्रत्येक पाकिटावर क्रमांक असावा आणि त्याच क्रमांकाने वहीत नाण्याचा प्रकार, वजन, व्यास, घेतल्याची तारीख, गाव किंवा बाजार, विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत, मोजलेली किंमत आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र असावे. विकणाऱ्याची हकीकत खरी वाटली नाही तरी ती त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावी आणि शंका तिच्यापुढे वेगळी लिहावी. वहीची एक प्रत घराबाहेर, विश्वासू जाणकाराकडे असावी आणि संग्रह पुढे कोणत्या संस्थेला द्यायचा किंवा कोणामार्फत विकायचा हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.